देव, देव्व आणि वाचनालयाचं कपाट

आमच्या गावच्या वाचनालयाच्या बैठकीत गेल्या महिन्यात भुतांवरून वादावादी झाली. विषय साधा होता. यंदा पुस्तक खरेदीला चार हजार रुपये शिल्लक आहेत, त्यातले निम्मे भयकथा-गूढकथांवर घालावेत असं मी सुचवलं. भयकथाकार नारायण धारपांची जन्मशताब्दी २०२५ च्या ऑगस्टात झाली, आपल्याकडची त्यांची पाच-सहा पुस्तकं पार खिळखिळी झालीत, तेवढंच निमित्त. चहा यायच्या आत प्रस्ताव बारगळला. अध्यक्ष म्हणाले, "कानडी मुलखात मराठी वाचनालय चालवायचं म्हणजे आधीच नाकी नऊ. त्यात भुताची पुस्तकं? आणायचं तर खांडेकर आणा, कुसुमाग्रज आणा. लोक काय म्हणतील?" निवृत्त गुरुजी शांतपणे म्हणाले, "एकीकडं जादूटोणाविरोधी कायदा करायचा आणि दुसरीकडं आपणच मुंजे-हडळी विकत आणायच्या, हे काय बरं दिसत नाही बघा. पोरं भितात. भ्यालेली पोरं देवरुष्याकडं जातात."

म्हणजे एकाला भुतं हलकी वाटतात याची लाज, दुसऱ्याला ती खरी वाटतील याची धास्ती. लाजेचं नंतर बघू. धास्ती मात्र उडवून लावण्यासारखी नाही, निदान बेळगावात तरी नाही.

बेळगावच्या एका अंगाला कोल्हापूर, दुसऱ्या अंगाला धारवाड. २० ऑगस्ट २०१३ ला अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्यात गेले. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गींवर. महामार्गाच्या एकाच पट्ट्यावर तीन खून, आणि आम्ही त्या पट्ट्याच्या मधोमध. या तिघांना भुतांनी मारलं नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात कायदा झाला, कर्नाटकानं २०१७ मध्ये केला आणि २०२० च्या जानेवारीपासून तो लागू झाला. सीमाप्रश्नावर ज्या दोन सरकारांचं एक अक्षर जुळत नाही, त्यांचं निदान यावर तरी जुळलं. आमची पोरगी महाराष्ट्रात चंदगडला दिलेली, सासुरवाडी कर्नाटकातल्या हुक्केरीची. दोन्ही कायदे आम्हाला घरचेच.

पण हे कायदे धरतात कुणाला? 'तुझ्या अंगात भूत आहे, मी काढतो' म्हणून माणसाला साखळीनं बांधणाऱ्याला, चटके देणाऱ्याला, मिरचीचा धूर देणाऱ्याला. गोष्ट सांगणाऱ्याला ते हात लावत नाहीत, आणि हा फरक गुरुजींच्या लक्षात कसा येत नाही याचं मला नवल वाटतं. भुताची गोष्ट लिहिणारा मुखपृष्ठावरच कबूल करतो की ही कादंबरी आहे. मांत्रिक असं कधी कबूल करत नाही. एकाची किंमत पुस्तकाच्या पाठीवर छापलेली असते. दुसऱ्याची, घरातलं दुखणं किती मोठं आहे ते बघून ठरते.

कानडीत भुताला 'देव्व' म्हणतात आणि देवाला 'देवरु'. मराठी कानाला दोन्ही एकाच घरातले वाटतात. लहानपणी माझा यावरून भलताच घोळ व्हायचा. शेजारच्या कानडी अज्जी तिन्हीसांजेला बजावायच्या, चिंचेखाली जाऊ नको, तिथं देव्व आहे. मी मुद्दाम तिथं जाऊन हात जोडून यायचो.

नव्वदच्या दशकात बंगळूरकडून एक आवई उठली. रात्री एक बाई दारावर थाप मारते, घरच्यांच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडणारा मरतो. उपाय एकच, दारावर 'नाळे बा' लिहायचं. उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते, पुन्हा परत जाते. आवई आमच्या गल्लीत पोचली तशी दोन दिवसांत निम्म्या दारांवर खडूची कानडी अक्षरं उमटली. समोरच्या आजोबांनी मात्र हट्टानं मराठीत 'उद्या ये' लिहिलं. लोकांनी समजावलं, अहो ती बंगळूरची, तिला मराठी कुठली येणार? आजोबा म्हणाले, "इथं यायचं तर शिकून येऊ दे की." रात्री आजीनं गुपचूप खाली कानडीत लिहून घेतलं. पाटीवर कुठली भाषा किती टक्के यावरून आता इथं मोर्चे निघतात. आमच्या गल्लीत तो प्रश्न तेव्हा एका भुतानं दोन ओळींत मिटवला होता. पुढं २०१८ मध्ये हिंदीतल्या 'स्त्री' सिनेमानं हीच पाटी चंदेरीतल्या भिंतींवर नेली आणि सगळा देश हसला, भ्यालाही. आम्ही मुलं मात्र महिनाभर रात्री एकटी परसात गेलो नाही. पण त्या महिन्यात कुणी कुणाला उतारा दिला नाही, कुणाकडून पैसे घेतले नाहीत, कुठल्या बाईला चेटकीण ठरवलं नाही. पावसाळा आला, खडू धुऊन गेला, आणि बाईही गेली.

२०२५ मध्ये मला सगळ्यात आवडलेले दोन भयपट नेमके या खडूच्या आणि उताऱ्याच्या मधल्या जागेत उभे आहेत. एक मराठी, एक कानडी. दोन महिन्यांच्या आत दोन्ही पडद्यावर आले, आणि दोन्ही मूळ भाषेत, तळटीपांशिवाय बघायची चैन आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसालाच परवडते, हे जरा मिरवूनच सांगतो.

'जारण' ६ जून २०२५ ला आला. दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते हे मुळात भयकथांचे लेखक. 'अंधारवारी' आणि 'दंशकाल' वाचलेल्यांना त्यांच्या अंधाराची जात ठाऊक आहे. अमृता सुभाषची राधा माहेरच्या जुन्या वास्तूत परत येते आणि लहानपणी तिथं राहिलेल्या एका बाईची सावली तिच्या मागं लागते. ती बाई अनिता दातेनं अशी उभी केलीय, की ती नुसती दारात बसून बघायला लागली तरी आपण खुर्चीत मागं सरकतो. हे करणीचं आहे की मनाच्या आजाराचं, हा प्रश्न सिनेमा मुठीत घट्ट धरून ठेवतो. घरच्यांनी आधी कुणाकडं न्यायचं, डॉक्टरकडं की जाणत्याकडं, हा त्यातला पेच आमच्याकडच्या दर चौथ्या घरानं कधी ना कधी अनुभवलेला आहे. माझ्या चुलत घरातही झाला होता. पहिली दीड वर्षं लिंबांत आणि काळ्या कोंबड्यांत गेली, गोळ्या त्यानंतर सुरू झाल्या. ती दीड वर्षं आम्हाला कुठल्या पुस्तकानं घालवायला लावली नव्हती. त्या घरात पंचांगाखेरीज पुस्तकच नव्हतं.

'सु फ्रॉम सो' २५ जुलैला आला. जे. पी. तुमिनाड या नव्या दिग्दर्शकाचा, मंगळूर किनाऱ्याकडचा सिनेमा. आमच्या धारवाडी वळणाच्या कानडीला त्यातली किनारपट्टीची बोली पाऊण कळते. उरलेलं शेजारचा हसला की आपण हसायचं. अशोक नावाचा एक पोरगा दारूच्या भरात बाईच्या न्हाणीघरात डोकावतो, पकडला जातो, आणि मार चुकवायला अंगात आल्याचं सोंग करतो. झालं. सोमेश्वरची सुलोचना नावाची मेलेली बाई त्याच्या अंगात आलीय असं गाव ठरवून टाकतं. राज बी. शेट्टींचा गुरुजी भूत उतरवायला येतो. पोट धरून हसत असतानाच एका जागी घशात काहीतरी अडकतं, कारण सुलोचना खरोखर होती, तिचं घर आहे, मागं मुलगी आहे, आणि ती जिवंत असताना तिची विचारपूस करायला कुणी गेलं नव्हतं. मेल्यावर अख्खं गाव तिचं नाव घेतंय. ज्यानं सोंग केलं त्यालाच शेवटी त्या नावाचं ओझं उचलावं लागतं.

वाचनालयातल्या आमच्या गुरुजींना मला हेच सांगायचं होतं, पण बैठकीत सुचलं नाही. 'अंगात येणं हे सोंग असू शकतं' हे वाक्य प्रबोधनाच्या व्याख्यानात मी शंभरदा ऐकलंय आणि शंभरदा घड्याळाकडं बघितलंय. त्या थेटरात मात्र पुढच्या रांगेतल्या दोन बायका, त्यांतल्या एकीच्या कपाळभर भंडारा, मोठमोठ्यानं हसत म्हणत होत्या, "आमच्या गल्लीतल्या तिचं बी असंच हाय की गं!" एवढं ऐकायला किती व्याख्यानं लागली असती?

आता अध्यक्षांच्या लाजेकडं येतो. आमच्या वाचनालयात संगणक नाही. पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवलेली असते, पुस्तक दिलं की तिच्यावर शिक्का मारायचा. मागच्या रविवारी मी कपाट उघडून बसलो आणि पट्ट्या बघत गेलो. पुरस्कार मिळालेली एक जाडजूड कादंबरी, विकत घेऊन नऊ वर्षं झाली, पट्टीवर दोन शिक्के. त्यातला एक माझा, आणि मीही ती पुरी केली नव्हती. धारपांच्या एका पुस्तकाला मात्र पट्टी पुरली नाही म्हणून खाली दुसरी चिकटवलीय, ती भरल्यावर तिसरी. मुखपृष्ठ केव्हाच गेलंय, वर कुणीतरी लग्नपत्रिकेचा जाड कागद लावलाय. त्यामुळं त्या भुताच्या पुस्तकावर उलटा गणपती आणि 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असं दिसतं. शेवटची पंधरा पानं नाहीत. कुणीतरी पेन्सिलीनं शेवटच्या पानाखाली लिहिलंय, 'ती मरत नाही. रत्नाकरला विचारा.' कोण रत्नाकर, देव जाणे.

त्या तिसऱ्या पट्टीवरचे बरेचसे शिक्के आठवीतल्या एका मुलीचे आहेत. शाळा कानडी माध्यमाची, घरात मराठी. वाचनालयात आली तेव्हा देवनागरी बोट लावून वाचायची, जोडाक्षर आलं की ओठ हलायचे. पुस्तक परत द्यायला आली तेव्हा मी विचारलं, "भ्या वाटलं नाही काय गं?"

"वाटलं की काका. म्हणून तर दिवसा वाचालोय." आमच्याकडं मुलीसुद्धा 'आलो, गेलो, वाचालोय'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना त्याचा धक्का बसतो. मग तिनं विचारलं, "माजघर म्हणजे काय?" मी सांगितलं. "आणि कडी-कोयंडा?" तेही सांगितलं. "आणि अवस म्हणजे अमावाशाच काय?" अमावास्याच. पंधरा दिवसांनी बोट लावणं बंद झालं होतं.

ही पोरगी खांडेकरांपर्यंत पोचेल की नाही मला माहीत नाही. पोचेल असं गृहीत धरून भुताच्या गोष्टीला पहिली पायरी वगैरे म्हणायचं माझ्या जिवावर येतं, कारण ती पायरी नाहीच, तीही एक खोली आहे. याच जिल्ह्यातले कथाकार जी. ए. कुलकर्णी, धारवाडला इंग्रजी शिकवत आयुष्य काढलेले. त्यांच्या कथांत भूत शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. पण 'काजळमाया' रात्री वाचून दिवा मालवून बघा. जी. एं.च्या जन्मशताब्दीत इथं भाषणं झाली, नियतीवर, प्रतिमासृष्टीवर. त्यांच्या कथा वाचताना मान आखडते, पाठीमागं कुणी आहे का असं वाटतं, हे कुणी बोललं नाही. भीती हा शब्द साहित्यात उच्चारायची आपल्याला चोरी आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, हिवाळ्यात आमच्या गावोगाव साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन, आणि जेवणानंतर कथाकथन. मी इतकी वर्षं बसतोय, कथाकथनात भुताची गोष्ट काही ऐकली नाही. इरसाल म्हातारा असतो, बिलंदर सोयरा असतो, मांडव हसतो. पण तोच मांडव रात्री पांगल्यावर माणसं शेकोटीभोवती काय सांगत बसतात? कणकुंबीच्या रस्त्यावर गाडी बंद पडलेली आणि कुणीतरी लिफ्ट मागितलेली. जांबोटीच्या जंगलात चकवा लागलेला. ज्या तलावातून बेळगावला प्यायला पाणी येतं त्या गावाचं नावच राकसकोप, तिथून गोष्टी निघणार नाहीत तर काय?

आणि भयकथेला जड माल पेलत नाही असंही नाही. वर्षभरात वाचलेलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं पुस्तक स्टीफन ग्रॅहम जोन्सचं 'द बफेलो हंटर हंटर'. लेखक स्वतः अमेरिकेतल्या ब्लॅकफीट या मूळनिवासी जमातीचे. भिंतीत दडवलेली एका पाद्र्याची १९१२ सालची डायरी सापडते. त्याच्याकडं एक ब्लॅकफीट माणूस पुन्हा पुन्हा येऊन कबुली देत असतो. तो माणूस रक्तपिपासू आहे. का झाला, कुणाचं रक्त पितो आणि नेमकं याच पाद्र्याला हे सगळं का सांगतोय, या धाग्यानं कादंबरी तुम्हाला १८७० च्या जानेवारीतल्या मारियास नदीकाठच्या कत्तलीपर्यंत ओढत नेते. अमेरिकन सैन्यानं तिथं थंडीत झोपलेल्या छावणीवर गोळ्या घातल्या होत्या, मेलेल्यांत बायका, पोरं आणि म्हातारी माणसंच जास्त. इतिहासाच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात उरकतं. इथं ते चारशेहून जास्त पानं तुमचा पाठलाग करतं. इंग्रजी सोपं नाही, पहिली शंभर पानं मी दोनदा वाचली. वाचताना सारखा १७ जानेवारी डोळ्यांपुढं येत होता. सीमालढ्यातल्या १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना आम्ही दरवर्षी त्या दिवशी फुलं वाहतो, घोषणा देतो, घरी येतो. दोन्ही घटनांची तुलना नाही करत, तेवढं भान आहे. पण सत्तर वर्षांत त्या दिवसावर किती कविता झाल्या, किती भाषणं झाली. एकही भुताची गोष्ट माझ्या वाचनात नाही. ज्याचा हिशेब मिटलेला नाही तो परत येतो, हे तर भुताचं मूळ व्याकरण. इतका हिशेब थकलेल्या मुलखात तसा कथाकार निपजू नये?

सगळंच उचलून धरतोय असं कुणी समजू नये. २०२५ च्या दिवाळीतल्या हिंदी 'थामा' सिनेमावर घातलेले पैसे मला अजून डाचतात. रक्तपिपासूला नाचायला लावलं की तो वऱ्हाडी होतो. बाळंतपणात मेलेली बाई, पांढरी साडी, उलटे पाय, आणि शेवटी पुरुष मांत्रिकानं तिला बाटलीत बंद करायचं, असल्या गोष्टींना कपाटात जागा द्यायला माझाही विरोध आहे. आमच्याकडं अजून एखाद्या एकट्या विधवेच्या दारावरून पोरांना जाऊ देत नाहीत, त्या शहाणपणाला असलं साहित्य खतपाणी घालतं. इथं गुरुजींचं म्हणणं मला मान्य. धारपांचंही सगळं निर्मळ नाही. त्यांच्या 'लुचाई' कादंबरीवर स्टीफन किंगची सावली स्पष्ट आहे, आणि धारपांचे नायक समर्थ शेवटी मंत्रशक्तीनंच संकट निवारतात, हे कसं नाकारू? पण त्याच धारपांच्या 'आजी'चा धागा पकडून राही बर्वेंचा 'तुंबाड' सिनेमा झाला, २०१८ मध्ये फारसा चालला नाही, २०२४ मध्ये पुन्हा लावल्यावर पहिल्यापेक्षा जास्त चालला. हाव म्हणजे काय हे मी माझ्या मुलाला आयुष्यात सांगू शकलो नाही, ते त्याला त्या सिनेमातल्या विहिरीनं सांगितलं.

बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत सतीश जारकीहोळी यांनी मंत्री असताना एक रात्र काढली होती, लोकांच्या मनातली स्मशानाची भीती जावी म्हणून. त्यांच्या मानव बंधुत्व वेदिके या संघटनेचे लोक ६ डिसेंबरला तिथं जमतात, भाषणं होतात, जेवणंही तिथंच. राजकारण बाजूला ठेवून मला तो कार्यक्रम आवडतो. आणि गुरुजींनाही आवडतो, दरवर्षी जातात. मग भुताचं पुस्तक वेगळं काय करतं? तेही तुम्हाला रात्री स्मशानात नेऊन बसवतं, सोबत असतं, आणि सकाळी घरी सोडतं. तिथं जेवण मिळतं एवढाच काय तो फरक.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. पट्ट्या दाखवायच्या म्हणून मी माळ्यावरची जुनी देवघेव रजिस्टरं खाली काढली, धूळ झटकली, आणि १९८८ सालच्या रजिस्टरात गुरुजींचं नाव सापडलं. धारप, मार्चमध्ये दोन. जूनमध्ये आणखी एक, ते मात्र दोन महिने उशिरा परत केलेलं, दंड एक रुपया वीस पैसे, पुढं त्यांची वळणदार सही. रजिस्टर पिशवीत घालून ठेवलंय.